वाटा किती टक्के, हा प्रश्नच चुकतोय

मूल घडण्यात अनुवंशाचा वाटा किती टक्के आणि संगोपनाचा किती, असा प्रश्न आलाय. मला ही वाटणीच पटत नाही.

फिनाइलकीटोन्यूरिया घ्या. १९३४ मध्ये नॉर्वेच्या डॉ. फॉलिंग यांनी हा आजार ओळखला. दोष जनुकातला. प्रथिनांमधलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला नीट मोडता येत नाही, ते रक्तात साठतं आणि मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. पण जन्मल्यावर लगेच टाचेतून रक्ताचे दोन थेंब घेऊन निदान झालं आणि आहार सांभाळला, तर तेच मूल चारचौघांसारखं वाढतं. जनुक तेच, ताट बदललं. आता सांगा टक्केवारी!

शिवाय मूलही आपलं वातावरण घडवत असतं. उचलताच शांत होणारं बाळ मांडीवर जास्त राहतं, त्याच्याशी गप्पा होतात. तासभर किंचाळणाऱ्या बाळाची आई थकून गप्प होते, मग त्याच्या कानावर शब्दही कमीच पडतात. अशा आईला "तुझंच काहीतरी चुकतंय" म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. त्यापेक्षा बाळाला घ्या आणि तिला दोन तास झोपू द्या.