एक्सटी क्लोन: ६४० केबी भरलेली, पण मोजणी ५१२ वरच थांबते

लातूर_बोर्डवाला

नमस्कार मंडळी. टर्बो एक्सटी क्लोनचा, म्हणजे जुन्या आयबीएम एक्सटी संगणकाच्या नकलेचा, बोर्ड दुरुस्तीला घेतलाय. प्रोसेसर ८०८८-२, वेग ४.७७ आणि ८ मेगाहर्ट्झ. मेमरीच्या चार बँका (एकत्र चालणाऱ्या नऊ चिपांचा गट म्हणजे बँक), सगळ्या सॉकेटवर. बँक ० आणि १ मध्ये ४१२५६ च्या नऊ-नऊ चिप (बँकेला २५६ केबी), बँक २ आणि ३ मध्ये ४१६४ च्या नऊ-नऊ (बँकेला ६४ केबी).

सकाळी गार असताना, मशीन सुरू होताना स्क्रीनवर येणारी मेमरीची मोजणी कधी कधी ६४० पर्यंत जाते. दुपारी मात्र ५१२ वरच थांबायली. एरर काही दाखवत नाही, डॉस ३.३ फ्लॉपीवरून नीट चढतो. ६४० लागलेलं असताना नुसत्या प्रॉम्प्टवर काही बिघडत नाही, पण लोटस १-२-३ या स्प्रेडशीटमध्ये मोठी शीट उघडली की पॅरिटी एरर (वाचलेले बिट नवव्या चिपमधल्या तपासणीच्या बिटाशी जुळत नसल्याची सूचना) येऊन मशीन गोठतं.

पॉवर कनेक्टरवर ५.०४ व्होल्ट मिळायलेत. डीआयपी स्विचचे (बोर्डावरच्या इवल्या स्विचांचे) ३ आणि ४, म्हणजे किती बँका भरल्यात ते सांगणारे, ऑफ आहेत. ४१६४ च्या अठराच्या अठरा मागवू का? जवळ ४१२५६ जादा पडून आहेत, त्या बसवल्या तर चालतील का?

परभणी_८०८८

अठरा मागवू नका, दादा. बहुतेक एकाच चिपचं काम आहे, आणि ती कोणती हे स्क्रीनवरची मोजणीच सांगेल.

५१२ हा आकडा उगाच आलेला नाही. तुमच्या बोर्डावर, सोळाच्या पायाच्या (हेक्स) आकड्यांत, बँक ० चा पत्ता ००००० पासून, बँक १ चा ४०००० पासून, बँक २ चा ८०००० पासून आणि बँक ३ चा ९०००० पासून सुरू होतो. ५१२ केबी म्हणजे बरोबर ८००००, म्हणजे बँक २ चं दार. बऱ्याच क्लोनचा बायोस (मशीन सुरू होताच चालणारा रॉममधला प्रोग्रॅम) पहिला नापास तुकडा लागला की तिथेच मोजणी सोडतो आणि तेवढीच मेमरी आहे असं डॉसला सांगतो, त्यामुळे तुम्हाला एरर दिसत नाही. आयबीएमचा बायोस असता तर ८०००० ०४ २०१ असं काहीतरी छापलं असतं. त्यातला मधला आकडा बिट, म्हणजे नऊपैकी कोणती चिप, ते सांगतो: ०१ म्हणजे बिट ०, ०२ म्हणजे बिट १, ०४ म्हणजे बिट २, असं दुपटीने ८० पर्यंत, आणि ०० आलं तर पॅरिटीची नववी चिप.

प्रॉम्प्टवर मशीन शांत राहतं यालाही अर्थ आहे. डॉसच्या कमांड वाचणाऱ्या कमांड डॉट कॉम या प्रोग्रॅमचा सुटा भाग मेमरीच्या अगदी टोकाला, म्हणजे तुमच्या बँक ३ मध्ये बसतो. ती बिघडलेली असती तर साधे प्रोग्रॅम बंद करतानाही मशीन अडखळलं असतं. मोठी शीट खालून वर भरत जाते आणि बँक २ ला पोचली की पडते.

आता करायचं काय? टर्बो बंद करून ४.७७ वर मोजा. चिपच्या नंबरामागचा -१५ म्हणजे १५० नॅनोसेकंद, -२० म्हणजे २००. ४.७७ वर २०० चालते, ८ वर १५० किंवा त्याहून वेगवान लागते. टर्बो काढल्यावर दुपारीही ६४० आलं, तर नऊमध्ये एखादी -२० घुसलेली आहे का ते बघा.

वेगाने फरक पडला नाही तर बँक २ च्या नऊ चिप बँक ३ मध्ये आणि ३ च्या २ मध्ये टाका. आधी प्रत्येकीवर पेन्सिलीने नंबर घाला. झाकण लावून मशीन चांगलं तापवा आणि मगच मोजा, गार बोर्डावरची चाचणी इथे काही सांगणार नाही. मोजताना वीज बंद-चालू करा. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबलं की बायोस मेमरीची चाचणी टाळतो.

५७६ आलं तर खराब चिप हललेल्या नऊमध्ये आहे, आता ती बँक ३ मध्ये बसलीय. तशीच राहू द्या. त्यातल्या चार चिप बँक २ मधल्या त्याच जागेच्या चार चिपांशी बदला. मोजणी ५१२ वर पडली तर गुन्हेगार त्या चारात, ५७६ राहिली तर उरलेल्या पाचात. असं अर्धं-अर्धं करत गेलं की जास्तीत जास्त चार फेऱ्यांत एक चिप हाती येते. मध्येच ६४० आलं आणि टिकलं, तर चिप नव्हतीच, सॉकेटचा संपर्क होता.

नांदेड_सोल्डर

एवढी उठाठेव कशाला? चांगली ४१६४ घ्या, संशयित चिपच्या पाठीवर पायाला पाय लावून दाबा आणि मोजा. एकेक करत पुढे जा.

परभणी_८०८८

चिपा सोल्डर केलेल्या असतील तेव्हा ती युक्ती ठीक. पण खालची चिप पूर्ण मेलेली आणि गप्प असेल तरच वरची तिचं काम घेते. खालची चुकीचा बिट जोरात ओढत असेल तर दोघींची १४ नंबरची पिन एकमेकींशी भांडते आणि निकाल फसवा येतो. इथे चिप तापल्यावर चुकतेय, म्हणजे जिवंत आहे. शिवाय सॉकेट असताना पाठीवर बसवायची गरजच काय?

उस्मानपुरा_१६बिट

अदलाबदलीच्या आधी सॉकेट आणि व्होल्टेज बघून घ्या, निम्मे बोर्ड तिथेच सुटतात.

चिप तापते, गार होते, आणि वर्षानुवर्षे असं होत सॉकेटमधून केसभर वर सरकते. बोर्डाखाली हात किंवा फोम देऊन प्रत्येक चिप दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबा. खाली आधार न देता दाबलं तर बोर्ड वाकून ट्रॅक तुटतो. चिप काढाल तेव्हा पाय पोटाखाली दुमडलेला नाही ना ते भिंगातून तपासा. वरून तो बसल्यासारखाच दिसतो. काळपट पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ते मिळतं, आमच्याकडे संभाजीनगरात पैठण गेटला किंवा तुमच्याकडे गंजगोलाईत विचारा. आपल्याकडची धूळ बारीक असते, ती सॉकेटच्या पोटात बसते. आधी ब्रश आणि हवा, मग अल्कोहोल. उलट केलं तर चिखल होतो.

बसवताना खाच सगळ्यांची एकाच दिशेला. ४१६४ मध्ये ८ नंबरला ५ व्होल्ट आणि १६ ला ग्राउंड असतं. चिप उलटी बसली की दोन्ही बरोब्बर अदलाबदल होतात आणि ती चिप गेलीच म्हणून समजा.

कनेक्टरवरचे ५.०४ बघून समाधान मानू नका. मशीन चालू असताना बँक २ च्या चिपवरच ८ आणि १६ मध्ये मोजा. ४.७५ च्या खाली असेल तर वाटेत कुठेतरी व्होल्टेज पडतंय, बहुधा कनेक्टरचा काळा पडलेला खिळा.

डीआयपी स्विच ऑफ दिसतो म्हणून ऑफ असतोच असं नाही. वीज काढून ३ आणि ४ दहा-पंधरा वेळा खालीवर करा आणि मल्टीमीटरने तपासा. आयबीएम एक्सटीत चारही बँका असतील तर ३ आणि ४ दोन्ही ऑफ लागतात. क्लोनवर बोर्डाच्या छपाईप्रमाणे जा, काहींवर वेगळा जंपरही असतो. जादा मेमरीचं कार्ड असेल तर काढून ठेवा. त्याचा पत्ता ८०००० ला लावलेला असेल तर ते आणि बँक २ एकाच जागेवर हक्क सांगतात.

उन्हाळ्याचा संबंध आहे तो असा. डीरॅममधला, म्हणजे या मेमरी चिपांमधला, बिट म्हणजे इवलासा चार्ज, आणि चिप तापली की तो लवकर गळतो. एक्सटीत टायमरच्या चॅनेल १ मुळे डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी वाचणारी चिप) चॅनेल ० साधारण १५ मायक्रोसेकंदाला एक ओळ ताजी (रिफ्रेश) करतो, म्हणजे २५६ ओळींना ४ मिलिसेकंदांच्या किंचित आत. नव्या चिपला एवढं पुष्कळ, दमलेल्या चिपला दुपारी पुरत नाही. बायोसची चाचणी लिहून लगेच वाचते, म्हणून अशी चिप कधी चाचणीत पास होते आणि लोटसमध्ये पडते. आर्डुइनोच्या चिप-टेस्टरवर ती चांगली निघाली तरी भरवसा ठेवू नका, टेस्टर संथ असतो आणि टेबलावर चिप गार असते. खात्री करायची तर चालू मशीनमध्ये संशयित चिपवर अल्कोहोलचा जेमतेम ओला बोळा टेकवून ती गार करा आणि परत मोजा. बाकी काही न बदलता ६४० आलं तर तीच. जवळ सोल्डरिंग आयर्न चालू नको.

परभणी_८०८८

४१२५६ चं राहिलं होतं. बसतात, पण एक पिन सांभाळा. ४१६४ ची १ नंबरची पिन रिकामी असते, ४१२५६ मध्ये तिथे ए८ ही पत्त्याची ओळ येते. सॉकेटची ती पिन अधांतरी असेल तर लिहिताना एक घर आणि वाचताना दुसरं घर, असा घोळ होतो. वीज काढून बँक २ ची १ नंबरची पिन बँक ० च्या १ नंबरशी जोडलेली आहे का ते मल्टीमीटरने बघा. जोडलेली असेल तर चिप सरळ बसवा. नसेल तर बोर्डाच्या मागून त्या सॉकेटची १ आणि १६ बारीक तारेने जोडा. ४१६४ परत लावली तरी या तारेचा त्रास नाही. मेमरी वाढणार नाही, ती चिप ६४के म्हणूनच चालेल. उलटा प्रयोग, म्हणजे बँक ० किंवा १ मध्ये ४१६४, चालत नाही.

अदलाबदल करूनही ५१२ च राहिलं तर दोष बोर्डात. लॉजिक प्रोबने बँक २ च्या कोणत्याही चिपची ४ नंबरची पिन बघा, ती रास (ओळ निवडणारा इशारा). रिफ्रेश सगळ्या बँकांना मिळत असल्याने तिथे सतत पल्स हवेत. १५ नंबरला कास (स्तंभ निवडणारा इशारा) असते, ती बँक वाचली-लिहिली जाते तेव्हाच हलते, म्हणून मोजणी चालू असताना पकडा. रास सपाट असेल तर मागे जात बँक निवडणारा डीकोडर, बहुतेक ७४एलएस१३८, आणि त्याच्यापुढचं गेट तपासा.

नांदेड_सोल्डर

आणि बिघाड शोधणारा डायग्नोस्टिक रॉम?

परभणी_८०८८

इथे नको. बँक ० धड आहे म्हणून तर स्क्रीन लागते. स्क्रीन काळीच राहिली तर रॅमविना चालणारा रॉम बायोसच्या जागी लावायचा. ८ केबीची फाइल २७२५६ (३२ केबीची रॉम चिप) मध्ये भरत असाल तर शेवटच्या ८ केबीत भरा, प्रोसेसर सुरुवात सगळ्यात वरच्या पत्त्यांतून करतो.

लातूर_बोर्डवाला

चिपवर ४.९६ व्होल्ट. टर्बो काढून फरक नाही. नऊ-नऊ बदलल्यावर भर दुपारी ५७६ आलं, अर्धं-अर्धं करत बिट ५ ची चिप सापडली, बोळा टेकवला की ६४०. तिच्या सॉकेटची १ नंबरची पिन अधांतरी होती, तार जोडून ४१२५६ बसवली. मोठी शीट आता दुपारीही उघडते.

पण एक कोडं. मोजणी ६४० दाखवते आणि डॉसची सीएचकेडीएसके कमांड एकूण मेमरी ६५३३१२ बाइट सांगायलंय. ६५५३६० पाहिजे ना? अजून एखादी चिप अर्धवट आहे का?

उस्मानपुरा_१६बिट

चिप नाही, फ्लॉपी. फरक बरोबर २०४८ बाइट आहे. स्टोन्डसारखे बूट सेक्टरचे (मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फ्लॉपीच्या पहिल्या सेक्टरचे) जुने व्हायरस मेमरीच्या टोकाचे २ केबी स्वतःसाठी राखून डॉसला कमी आकडा सांगतात. मोजणी फ्लॉपी वाचण्याआधीच होते, म्हणून तिथे ६४० पूर्ण दिसतात.

वीज बंद करून स्वच्छ डॉस फ्लॉपीवरून चढा, तिची खाच आधीच पट्टीने झाकलेली असू द्या, म्हणजे तिच्यावर लिहिलं जाणार नाही. ६५५३६० दिसलं की खात्री पटली. मग त्याच डॉसमधून रोगट फ्लॉपीवर एसवायएस कमांड चालवा, बूट सेक्टर नवा लिहिला जातो. हार्ड डिस्क जोडलेली असेल तर स्टोन्ड तिच्या पार्टिशनच्या सेक्टरमध्ये बसतो, तिथे एसवायएस पुरत नाही; डॉस ५ च्या फ्लॉपीवरून एफडिस्क /एमबीआर द्या. त्याआधी त्या फ्लॉपीवरून सी ड्राइव्ह दिसतोय ना ते बघा, दिसत नसेल तर ही कमांड देऊ नका.