बाळंतपणात बाळाचा हात लुळा पडला, कुठला डॉक्टर गाठू? तक्रार कोल्हापुरात करायची का बेळगावात? सल्ला हवाय

निपाणीची_सून
नमस्कार सगळ्यांना. सासर बेळगाव जिल्ह्यात निपाणीजवळ, माहेर गडहिंग्लजकडचं, पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेले आणि डिलिव्हरी कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात झाली. सातव्या महिन्यात शुगर निघालेली, बाळ ४ किलो ३०० भरलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, त्यावेळी एकजण स्टुलावर चढून माझ्या पोटावर वरनं जोरात दाबत होती आणि डॉक्टर खालनं ओढत होते एवढं मला पक्कं आठवतं. दुसऱ्या दिवशी आईच्या लक्षात आलं की उजवा हात हलतच नाही, अंगाला लागून सरळ पडलेला, तळवा मागं वळलेला. मालीश करा होईल नीट म्हणाले आणि डिस्चार्ज दिला. आता लेक साडेतीन महिन्यांची आहे, बोटं हलवते, माझं बोट घट्ट धरते पण कोपर वाकत नाही, खुळखुळा डाव्याच हातानं घेते. केसपेपर मागायला मिस्टर दोनदा जाऊन आले, उद्या या परवा या करून फिरवायलेत. बिल ६८ हजार, सगळं भरलंय. सासूबाई म्हणतात नशिबाचा भाग आहे, कोर्टकचेरी नको. मला आधी कळायला पाहिजे हात नीट होणार का, आणि चूक झाली का.

चिकोडी_सिस्टर
ताई, लेबर रूममध्ये पंधरा वर्षं काढलीत म्हणून स्पष्ट सांगते. याला एर्ब्स पाल्सी म्हणतात, मानेतनं हाताकडं जाणाऱ्या नसा ताणल्या किंवा तुटल्या की होतं. बऱ्याच बाळांचा हात पहिल्या काही महिन्यांत आपणच सुधारतो, पण तीन महिने होऊनही कोपर वाकत नसेल तर नुसतं वाट बघत बसायचं नाही, नसांचं ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला दाखवायचंच. वय वाढत गेलं की त्या ऑपरेशनचा उपयोग कमी होत जातो. फिजिओ आजच सुरू करा. आणि न्हाऊ घालणाऱ्या आजीला सांगा, तो हात ओढायचा नाही, काखेत धरून बाळ उचलायचं नाही.
चुकीचं म्हणाल तर खांदा अडकणं कुणालाच आधी नक्की सांगता येत नाही, आणि सगळं बरोबर करूनही नस दुखावते हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण अडकल्यावर आईच्या मांड्या पोटाकडं दुमडायच्या आणि ओटीपोटावर, हाडाच्या लगेच वर दाबायचं असतं. पोटाच्या वरच्या टोकाकडनं दाबलं तर खांदा आणखी रुततो, ते करू नये असंच शिकवतात. तुम्हाला नक्की कुठं दाबलं ते आठवतं तसं आजच तारखेसकट लिहून काढा.

खानापूरचा_बाबा
वहिनी, माझ्या मुलाचं हेच. आम्ही पाच महिने मालीशवर घालवले, ते आजही मनाला लागतं. नंतर बेळगावच्या ऑर्थोनं पुढं पाठवलं, नसेची टेस्ट झाली आणि पोटरीतली नस काढून मानेत जोडली. आता पाच वर्षांचा आहे, हात खांद्यापर्यंत वर जातो, ताट स्वतः धरतो, पूर्ण नाही झाला पण पुष्कळ झाला. बेंगळूर, पुणे, मुंबईत हे करणारे सर्जन आहेत, कोइमतूरचं गंगा हॉस्पिटल तर या कामासाठीच ओळखलं जातं. झबलं घालताना दुखरा हात आधी घाला आणि काढताना शेवटी काढा, बाहीत आपला हात घालून तिची बोटं धरून हळू आणायची. हे आम्हाला फिजिओच्या बाईंनी शिकवलं तोवर रोज पोरगं रडायचं.

वकील_टिळकवाडी
ताई, तुमची केस बेळगावात चालते. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, दवाखाना महाराष्ट्रात असला तरी. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय, कुठल्या पातळीच्या आयोगात जायचं ते तुम्ही भरलेल्या बिलावर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ५ लाखापर्यंतच्या बिलाला फी शून्य. मुदत २ वर्षं, त्यामुळं आधी लेकीचा हात बघा, पण कागद मात्र आत्ताच मिळवा. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात लेखी मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचं असं स्पष्ट आहे. तोंडी मागत फिरू नका, अर्ज रजिस्टर पोस्टानं टाका. त्यात पूर्ण केसपेपर, पार्टोग्राफ म्हणजे कळा आणि बाळंतपण कसं पुढं सरकलं त्याचा तक्ता, बाळाच्या ठोक्यांचा ग्राफ, शुगरचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, बाळाचे अपगार स्कोअर म्हणजे जन्मल्या जन्मल्या तब्येतीला दिलेले गुण, असं नाव घेऊन मागा. शुगर आणि बाळाचं वजन माहीत असून सिझरबद्दल तुमच्याशी बोलले होते का, हा मोठा प्रश्न आहे. केस टिकते ती कागदावर आणि दुसऱ्या गायनॅकच्या लेखी मतावर.
रागानं पोलिसात जाऊ नका, २००५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर डॉक्टरवर फौजदारी लागायला घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मेडिकल कौन्सिलकडं तक्रार वेगळी करता येते, पण तिथं भरपाई मिळत नाही. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा कोर्टातल्या लीगल एडमध्ये जा, बायकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

हुक्केरीकर
सरकारी दवाखान्यात झालं असतं तर? आमच्या भावजयीचं तसंच झालंय.

वकील_टिळकवाडी
जिथं सगळ्यांनाच फुकट उपचार असतात ते ग्राहक कायद्यात येत नाही, १९९५ चा निकाल आहे. दिवाणी कोर्टाचा रस्ता आहे, वेळ जास्त लागतो. कागद मागायचा हक्क मात्र तोच.

निपाणीची_सून
सगळ्यांचे खरंच आभार. काल रात्री आठवेल ते सगळं वहीत उतरवलं, लिहिताना हात थरथरत होता. आज अर्ज रजिस्टर टाकला, पावतीचा फोटो काढून ठेवलाय. सोमवारी बेळगावात ऑर्थोची अपॉइंटमेंट मिळाली, सासूबाई स्वतः म्हणाल्या मी येते सोबत. दादा, झबलं तुम्ही सांगितलं तसं घातलं, आज ती रडली नाही.