अनुभव धागा : दीपगृहं आणि समुद्रकिनारे टिपताना (बडोद्याहून निघणाऱ्यांसाठी)

दांडियाबाजार

बडोद्याला समुद्र नाही, पण रात्री गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी समुद्र समोर असतो. सौराष्ट्र मेल ओख्यापर्यंत जाते, मुंबईकडच्या बऱ्याच गाड्या दमणसाठी वापीला सोडतात, आणि जंबुसरच्या पलीकडे खंभातचं आखात तर दुपारी निघूनही गाठता येतं. ओखामंडळ (द्वारका त्यातच) बडोदे संस्थानातच होतं आणि ओखा बंदरही संस्थानानेच उभारलं, तेव्हा द्वारकेची वारी आपल्याकडे जुनीच आहे. या धाग्यावर (मजकुराच्या वरचं नाव लिहिणाऱ्याचं टोपणनाव) फोटो कुठे काढला याच्या जोडीला तो कसा आला तेही लिहा: उभं कुठे राहायचं, किती वाजता, सेटिंग काय, काय बिघडतं आणि का. नुसतं "अप्रतिम ठिकाण, नक्की जा" असं लिहिलं तर पुढच्या माणसाच्या हाती काही लागत नाही.

सुरुवात द्वारकेपासून. इथलं दीपगृह १९६२ पासून चालू आहे आणि मनोरा ४३ मीटर उंच आहे. सगळे पायथ्याशी उभे राहून कॅमेरा वर करतात. मग मनोरा मागे कलल्यासारखा दिसतो. कारण साधं आहे: कॅमेरा तिरपा झाला की समांतर उभ्या रेषा वर जाताना जवळ येतात. त्यावर उपाय अंतराचा. कॅमेरा उभा धरा, पण पूर्ण समपातळीत ठेवा. फुल फ्रेमवर (जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) २४ मिमीचं भिंग असेल तर या मनोऱ्याचं टोक चौकटीत मावायला साधारण ५५ ते ६० मीटर मागे यावं लागतं, ५० मिमीला सव्वाशे मीटरच्या आसपास. खालच्या अर्ध्या चौकटीत नुसती जमीन येते, म्हणून आधी जमीन निवडा: खडक, पायवाट, पाण्याचं डबकं. जागाच नसेल तर वर बरीच मोकळी हवा सोडून काढा आणि घरी रेषा सरळ करा. सरळ करताना वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात, त्यासाठी ती मोकळी जागा लागते.

दुसरं म्हणजे द्वारकेचा सूर्यास्त बडोद्यापेक्षा सुमारे १७ मिनिटं उशिरा होतो. अक्षांश जवळपास तोच, रेखांशाचा फरक सव्वाचार अंशांच्या आसपास. घरच्या घड्याळाच्या अंदाजाने लोक सामान आवरायला घेतात आणि खरा रंग त्यानंतर येतो.

सुरसागरकाठ

प्रकाशाचं सगळे बघतात, पाण्याचं कोणी बघत नाही. किनाऱ्याच्या चित्रात अर्धं काम भरती-ओहोटी करते.

कोकणातल्या मच्छीमारांचा जुना हिशोब अजून चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं आणि रोज भरती सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अर्ध्या तासाची चूक धरा, पण सहलीची तारीख ठरवायला हा हिशोब पुरतो. यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. मुंबई-कोकण पट्ट्यात पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणून सूर्यास्ताला ओहोटी. अष्टमीला सूर्यास्ताला भरती, पण ती भांगाची, म्हणजे लहान. उधाणाचं पाणी आणि मावळता सूर्य हे दोन्ही एकत्र तिथे मिळतच नाहीत. शेवाळलेले खडक आणि त्यांतली डबकी हवीत तर पौर्णिमा किंवा अमावास्या गाठा. खडकावर फुटणारी लाट हवी असेल तर अष्टमीच्या आसपास जा.

खंभातच्या आखातात मात्र हा हिशोब जसाच्या तसा लावू नका. भरती आखातात आत शिरत जाते तसा वेळ लागतो, त्यामुळे भावनगरला किंवा कावी-कंबोईला ती मुंबईच्या काही तास मागे असते. तिथे छापील वेळापत्रकच पाहायचं.

कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेव बडोद्याहून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. भरतीला मंदिर पाण्यात जातं, ओहोटीला उघडं पडतं. फोटोसाठी असा दिवस निवडा की पूर्ण भरती सूर्यास्ताच्या दोन-तीन तास आधी असेल. पाणी उतरायला लागतं आणि मागे राहिलेला ओला गाळ आरशासारखा आकाश दाखवतो. हा आरसा फार वेळ टिकत नाही, वरचं पाणी निथळलं की गाळ मातकट आणि निस्तेज होतो. कॅमेरा गुडघ्याच्या खाली आणा, प्रतिबिंब लांबवर पसरतं. निळं पाणी इथे शोधू नका. मही, नर्मदा, साबरमतीचा गाळ घेऊन येणारं हे पाणी आहे, त्याचा रंग चहासारखाच राहणार. कृष्णधवल करा किंवा सूर्य मावळल्यावर व्हाइट बॅलन्स थंड, म्हणजे निळसर, बाजूला न्या.

आणि गाळात उतरू नका. वरून घट्ट दिसतो आणि पोटरीपर्यंत पाय जातो. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो. जमीन इतकी सपाट आहे की पाणी उंचीत वाढतं त्याच्या कितीतरी पट वेगाने आडवं पुढे येतं. बांधावरून, पायऱ्यांवरून काढा.

रावपुरा

रात्रीच्या झोताबद्दल लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते.

आधी दिवा कोणत्या जातीचा आहे ते पाहा. फिरत्या भिंगाचा असेल तर झोत आकाशातून फिरताना दिसतो. जुन्या दीपगृहांत फ्रेनेलची भिंगं असतात: मध्ये गोल भिंग आणि भोवती काचेच्या कडांची वलयं, विखुरणारा प्रकाश एका दिशेत गोळा करणारी. पण बऱ्याच ठिकाणी आता एलईडीचा लुकलुकणारा दिवा आहे. तिथे झोत नसतोच, सगळा कंदील (मनोऱ्याच्या टोकावरची दिव्याची काचेची खोली) एकदम पेटतो आणि विझतो. अशा दिव्यापुढे झोतासाठी दोन तास काढणं फुकट आहे. संधिप्रकाशात मनोरा आणि पेटलेला दिवा एवढंच चित्र धरा.

फिरतं भिंग असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दोन चमकांमधलं अंतर मोजा, दहा वेळा मोजून सरासरी घ्या. प्रत्येक दीपगृहाची लय वेगळी ठेवलेली असते, खलाशाला त्यावरूनच ते ओळखता येतं. आता उदाहरण धरा: भिंगाच्या चार बाजू आणि दर ५ सेकंदांनी एक चमक. म्हणजे पूर्ण फेरा २० सेकंदांचा आणि झोत सेकंदाला १८ अंश सरकतो. १ सेकंद शटर ठेवलं तर झोताचा १८ अंशांचा पंखा होतो, अर्ध्या सेकंदाला ९ अंश, म्हणजे बऱ्यापैकी काठीसारखा. २० सेकंद ठेवलं तर झोत सगळ्या आकाशावर पसरून नाहीसाच होतो. लोक ताऱ्यांच्या सवयीने २०-३० सेकंद ठेवतात आणि "झोत आलाच नाही" म्हणतात, तो यामुळे.

माझी मांडणी अशी: झोतासाठी अर्धा ते एक सेकंद, भिंगाचं तोंड (अ‍ॅपर्चर) एफ १.८ ते २.८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२०० ते ६४००, एकापाठोपाठ तीस-चाळीस फ्रेम. मग ट्रायपॉड न हलवता जमिनीसाठी एक वेगळी फ्रेम, आयएसओ ४००, २५-३० सेकंद. घरी दोन्ही एकत्र. झोत बरोबर कॅमेऱ्यावर आलेली फ्रेम बाद, तिथे कंदील पांढराफटक होतो. तो थोडा बाजूला, पण आपल्याकडेच येत असताना सगळ्यात उजळ दिसतो, कारण हवेतल्या बाष्पावरून प्रकाश पुढच्या दिशेला जास्त विखुरतो. म्हणून मनोऱ्याच्या समुद्राकडच्या बाजूला, झोताच्या वाटेजवळ जागा शोधा.

हवा अगदी स्वच्छ असेल तर झोत दिसत नाही. थोडी दमट, खारट हवा लागते. पौर्णिमेचं चांदणं त्याला मारून टाकतं. कॅमेऱ्याच्या भिंगावरचा यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा, नाहीतर दिव्याचं हिरवट भूत आकाशात उलट्या जागी उमटतं.

एका फ्रेममध्येच हवं असेल तर सूर्यास्तानंतर १५ ते २५ मिनिटं एवढीच वेळ. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाश झपाट्याने सरतो.

फतेगंज

मोबाइलवाल्यांनी काय करायचं? ट्रायपॉड नाही.

रावपुरा

@फतेगंज, झोत सोडून द्या, संधिप्रकाश पकडा. मोबाइल कठड्यावर पाकिटाला टेकवून ३ सेकंदांचा टायमर लावा. दिव्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा आणि उजेड थोडा खाली ओढा, मग चमकेच्या वेळी ऑटोमॅटिक हेलकावे खात नाही. चमक नेमकी पकडायला व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम घेण्यापेक्षा बर्स्ट (पटापट एकापाठोपाठ फोटो) बरा. आणि मनोऱ्यात आत गेलात तर मोबाइल तळमजल्यावर जिन्याच्या मधोमध जमिनीवर उताणा ठेवा, पुढचा कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर, स्वतः बाजूला. चक्री जिना शंखासारखा येतो. हे मोठ्या कॅमेऱ्याने इतकं सोपं नाही.

मांजलपूर

मीठ आणि वाळू यांवर कोणी लिहिलं नाही म्हणून.

द्वारकेजवळच्या शिवराजपूरसारख्या वाळूच्या किनाऱ्यावर लाट परतते तेव्हा ट्रायपॉडच्या पायाभोवती वळसा घालते आणि तिथली वाळू उपसते. पायाभोवती बशीएवढा खळगा होतो, पाय दोन-तीन मिलिमीटर खचतो आणि ८ सेकंदांची फ्रेम दुहेरी येते. तुम्हाला वाटतं फोकस चुकला. पाय आधी जोर देऊन वीतभर रुतवा, दोन लाटा जाऊ द्या, मग चौकट बांधा. कोरड्या वाळूत प्रत्येक पायाखाली बरणीचं झाकण ठेवलं तरी चालतं.

पाण्यात उभा करताना सगळ्यात खालचा बारीक नळा आधी पूर्ण बाहेर काढायचा. त्यामुळे त्याचं कुलूप पाण्याच्या वर राहतं. उलट केलं तर वाळू कुलपाच्या आट्यांत शिरते आणि फिरवताना करकर आवाज येतो. तो आवाज आला की फिरवणं थांबवा, आधी गोड्या पाण्यात बुचकळा. मुक्कामी आल्यावर बादलीत धुवून, कुलपं सैल करून, आडवा वाळवा. बडोद्याला येऊन धुऊ म्हटलं तर तोवर मीठ धरलेलं असतं.

भिंगावर तुषार आले की कोरड्या कापडाने पुसायचं नाही. सुकलेलं मीठ म्हणजे बारीक खडेच, लेपावर ओरखडे जातात. आधी फुंकणी, मग पिण्याच्या पाण्याने ओलं केलेलं सुती किंवा मायक्रोफायबर कापड, मग कोरडं. अशी चार कापडं तरी हवीत, एकच वापरलं तर तिसऱ्या पुसण्याला ते स्वतःच खारट होतं. फिल्टरचे आटे संध्याकाळीच काढून पुसा, रात्रभर राहिले की जाम होतात.

अलकापुरी

एनडी फिल्टरचं (उजेड कमी करणारी गडद काच) थोडक्यात. लाट परतताना फेसाच्या रेघा हव्यात तर १/४ ते १/२ सेकंद, आणि शटर लाट मागे फिरताना दाबायचं, पुढे येताना नाही. तुषार गोठवायचे तर १/१००० च्या पुढे. समुद्राचं धुकं करायचं तर ३० सेकंद: फिल्टरविना १/३० येत असेल तर दहा स्टॉपने (दर स्टॉपला उजेड निम्मा) ३४ सेकंद होतात. मावळतीनंतर हा हिशोब फसतो, कारण फ्रेम चालू असतानाच उजेड उतरत असतो. मोजलेल्यापेक्षा दीडपट-दुप्पट द्या. दीपगृह चौकटीत असेल तर मला धुकं आवडत नाही. लाटांचा जोरच निघून जातो आणि त्या जोरासाठीच तर तो मनोरा उभा आहे. अर्ध्या सेकंदाच्या आत राहावं.

पांढरा रंगवलेला मनोरा चौकट भरत असेल तर कॅमेरा त्याला करडा करतो, एक्स्पोजरची भरपाई +०.७ ते +१ द्या. कोकणातला काळा बेसॉल्ट असेल तर उलट, −०.७. दीवचा खडक चुनखडीचा, पिवळसर, तिथे भरपाई न केलेलीच बरी आणि सकाळचं कोवळं ऊन सगळ्यात शोभतं.

मांडवी

ठिकाणांची भर. दमणला दीपगृह मोटी दमणच्या किल्ल्याशी आहे, पण चित्र नानी दमणच्या काठावरून, दमणगंगेच्या मुखापलीकडून येतं, ७०-२०० मिमी न्या. दीवला पाणीकोठा, म्हणजे पाण्यातला छोटा किल्ला, जेट्टीवरून टिपा. कोकणात उतरलात तर रत्नागिरीच्या भगवती किल्ल्यावरचं आणि खांदेरी बेटावरचं, दोन्ही १८६७ ची. जयगडचं १९३२ चं बिडाचं, जवळून पत्र्यांचे जोड आणि बोल्ट टिपण्यासारखे. खांदेरीला थळहून होडी, पावसाळ्यात बंद. कच्छच्या मांडवीला दीपगृहाच्या जोडीने रुक्मावतीच्या काठावर लाकडी जहाजं बांधतात, तिथे अर्धा दिवस ठेवा.

रस्ता विचारताना सौराष्ट्रात "दीवादांडी" म्हणा, कोकणात "बत्ती". दीपगृह म्हटलं तर दोन्हीकडे लोक तोंडाकडे बघतात.

वर चढायला संध्याकाळचे एक-दोन तासच असतात आणि बऱ्याचदा सूर्यास्ताआधी खाली उतरवतात. म्हणून वरून दिसणारा किनारा आधी, मनोऱ्याचा फोटो नंतर, असा क्रम लावा. कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट विचारून घ्या. ट्रायपॉड बहुधा वर नेऊ देत नाहीत. ड्रोन घरीच ठेवा, किनारपट्टी संवेदनशील आहे. दिवसा भिंगाभोवती पडदे ओढलेले दिसले तर ते बाजूला करायला सांगू नका: सूर्याचा प्रकाश त्याच भिंगातून उलटा आत गोळा होतो आणि दिवा जाळू शकतो. बाहेरच्या काचेतून काढायचं असेल तर रबरी हूड काचेला टेकवा, स्वतःचं प्रतिबिंब जातं.

दांडियाबाजार

@मांडवी, पडद्याचं कारण दिलंत ते फार बरं केलंत.

अजून एक राहिलं. एसी डब्यातून किंवा खोलीतून कॅमेरा थेट किनाऱ्यावर काढला की भिंगावर, आणि भिंग बदललंत तर सेन्सरवरही, धुकं बसतं. पुसू नका, पुन्हा बसतं. बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या. द्वारकेला उतरल्यावर रिक्षात बसतानाच एसीतली बॅग उन्हाकडे ठेवली की किनाऱ्यावर पोचेपर्यंत काम होतं.