ऑर्किडची फुलं गळून गेली, आता काय करू?

मानपाडेकर: घोडबंदर रोडला अकराव्या मजल्यावर राहतो. वास्तुशांतीला जांभळ्या फुलांचं फॅलेनोप्सिस ऑर्किड आहेरात आलं होतं. दोनेक महिने झकास टिकलं, आता नुसता हिरवा दांडा उभा आहे. मुळं कुंडीबाहेर लोंबतायत. आई म्हणते, मेलंय, टाक. खिडकी पश्चिमेची. दांडा कापू? मुळं मातीत खुपसू?

वाशीवाला: आठवड्याला तीन बर्फाचे खडे घाला. नेटवर सगळीकडे हेच आहे.

नौपाड्याची आत्या: बर्फ कशाला हो, सरबत करायचंय का? हे झाड मुळात उष्ण, दमट जंगलात फांद्यांना धरून वाढणारं. म्हणूनच मातीही नको, मुळं गुदमरून कुजतात. लोंबणारी मुळं आहेत तशी असू द्या.

पाणी वारावर घालू नका, मुळं बघून घाला. भिजलेलं मूळ हिरवं दिसतं, सुकलं की रुपेरी. रुपेरी झाली की आतली प्लॅस्टिकची कुंडी नळाखाली धरा आणि पूर्ण निथळू द्या. बाहेरच्या चकचकीत कुंडीला भोक नसतं, तळाशी पाणी साचतं आणि भेटीतली निम्मी ऑर्किडं त्यातच जात असावीत. पानांच्या मधोमध थेंब राहिला तर कापसाने टिपा. तो शेंडा सडला की खेळ खलास.

दांडा हिरवा आहे ना? खालून दुसऱ्या पेराच्या जरा वर कापा, कधीकधी तिथून फुटवा येतो. वाळला तर बुडापासून काढा. पश्चिमेच्या उन्हाला पातळ पडदा हवाच, पण पानं गडद हिरवी झाली तर उजेड कमी पडतोय समजा.

कुंडीत मुळांभोवती मॉस, म्हणजे शेवाळ, भरलेलं असेल तर पावसाळ्यात आपल्याकडे ते वाळतच नाही. जूनच्या आधी ते काढून कोळसा आणि विटांचे तुकडे भरा. फुलं हवीत तर डिसेंबर-जानेवारीत रात्री खिडकी उघडी ठेवा. गार रात्री मिळाल्या की दांडा धरतो, पुढे कळ्या उमलायला दोन-तीन महिने जातात.

वाशीवाला: येऊरला झाडांवर ऑर्किडं दिसतात, तीच आणली तर?

नौपाड्याची आत्या: हात लावू नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथून रोप उपटून आणणं गुन्हा आहे. शिवाय घरात जगतही नाहीत. नर्सरीतून घ्या.

मानपाडेकर: चकचकीत कुंडीत खरंच दोन बोटं पाणी होतं! आई आता ती कुंडी चमचे ठेवायला मागतेय. कोळसा इस्त्रीवाल्याकडचा चालेल का?

नौपाड्याची आत्या: चालेल, लाकडी असेल तर. राख झटकून, धुऊन घ्या.