पिंपल्सवर ब्लू लाईटचा खरंच फरक पडतो का?

पाळीच्या आधी हनुवटीवर त्याच जागी दुखऱ्या गाठी येतात, दिवसातून चारदा तोंड धुऊन झालं, आता कुणीतरी ब्लू लाईट (चेहऱ्यावर निळ्या प्रकाशाची ट्रीटमेंट) घे म्हणतंय, घेतलंय का कुणी?

उत्तर १: आधी ते चारदा धुणं बंद कर गं, त्वचा अजून चिडते. घाणीने नाही येत ते, हार्मोन्समुळे तेल वाढतं, छिद्रं बुजतात अन् आत बॅक्टेरिया माजतात. त्यांच्यात पोर्फिरिन नावाचं रसायन असतं, ४१५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश ते शोषतं आणि त्यातून तयार होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन बॅक्टेरियालाच मारतो.

उत्तर २: मी घेतलं, बारीक लाल फोड बसले पण ब्लॅकहेड्स आणि खोल गाठी जशाच्या तशा, थांबवल्यावर दोन महिन्यांत परत हजर! तुझं हार्मोनल वाटतंय, स्किनच्या डॉक्टरला दाखव.

उत्तर ३: डॉक्सीसायक्लिन वगैरे अँटिबायोटिक चालू असेल तर लाईटआधी सांग हां, त्वचा प्रकाशाला हळवी होते.