वजनाच्या ऑपरेशननंतर फुप्फुसांची काळजी गावातल्या घरी कशी घ्यायची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या मोठ्या भावाचं (वय ४४, वजन १३८ किलो) पुढच्या महिन्यात नागपूरला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचं (वजन उतरावं म्हणून जठराचा मोठा भाग काढून टाकायचं) ऑपरेशन ठरलंय. आम्ही दारव्हा तालुक्यातले (जि. यवतमाळ). दादाचा झोपेत श्वास अडकतो, म्हणून रात्री सीपॅप मशीन (मास्कमधून दाबानं हवा देणारी) लावावी लागते. दवाखान्यातली काळजी नाही, धास्ती आहे ती सुट्टी होऊन गावी आणल्यावरची.

भूल देणाऱ्या मॅडमनी नीट समजावलं. पोट मोठं असलं की आडवं झाल्यावर छाती-पोटामधला पडदा वर ढकलला जातो. त्यात टाके दुखतात म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो. दुसरं म्हणजे पायात रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, आणि हे घरी आल्यावरही होऊ शकतं. त्यामुळे रक्त पातळ ठेवायची इंजेक्शनं काही दिवस घरी घ्यायची आहेत. खोल श्वासाच्या सरावाचं तीन छोट्या चेंडूंचं यंत्र आत्तापासूनच ओढायला लावलंय. बिडी सुटली, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) मात्र सुटत नाही. कुणी सोडला असेल तर कसा, ते जरूर सांगा.

आता खरी अडचण. आमच्याकडे रात्री लाइन जाते, कधी तासन् तास येत नाही. सर्जन म्हणाले, मशीन पहिल्या रात्रीपासून लावायचीच, तिच्या हवेनं टाके उसवत नाहीत. इन्व्हर्टरवर सीपॅप रात्रभर चालवली आहे का कुणी? पाणी तापवणारा भाग बंद ठेवला तर वीज बरीच कमी लागते असं कळलं. बॅटरी केवढी घ्यावी?

आईचं म्हणणं, "पोट कापलेल्या माणसानं हिंडू नाही, टाके तुटतात." डॉक्टर तर त्याच दिवशी उठवून चालवणार आहेत! कापूस वेचणीचे दिवस, वहिनी आणि मी वावरात, घरी आईच. तिला कसं पटवावं? खोकताना उशी पोटाशी दाबून धरायची, डोक्याकडची बाजू उंच ठेवून निजायचं, हे तिनं मानलंय. स्वयंपाक चुलीवर असतो, तेवढे दिवस गॅसवर करू.

नागपूरहून परतीचा रस्ता चार तासांचा. मध्ये थांबून चालवायचं ठरवलंय, किती वेळानं थांबावं?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अचानक दम लागला, छातीत दुखलं, ताप आला, नाडी सारखी जोरात चालली किंवा एकच पोटरी सुजली तर थांबायचं नाही, असं सांगितलंय. अशा वेळी आधी यवतमाळच्या सरकारी मेडिकलला न्यावं की थेट नागपूर गाठावं? आमच्या भागातल्या कुणावर अशी वेळ आली असेल तर कृपया लिहा. सर्जनना विचारणारच आहे, पण रात्रीची गाडी आणि रस्ता तुम्हालाच ठाऊक.