फ्रोडोच्या जखमा: पुस्तकातल्या आणि पडद्यावरच्या

प्रश्न · सांजतारा

'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे पीटर जॅक्सन यांनी केलेले तिन्ही चित्रपट (२००१ ते २००३) मी अनेकदा पाहिले होते. टोलकीन यांचे मूळ पुस्तक मात्र आत्ता प्रथमच वाचून पूर्ण केले. वाचताना एक गोष्ट सारखी खटकत राहिली. चित्रपटातला फ्रोडो, म्हणजे दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेला ठेंगण्या हॉबिट जमातीतला नायक, घायाळ झाला की कोसळतो आणि पुढचे सगळे इतरांनाच करावे लागते. पुस्तकातला फ्रोडो तेवढाच जायबंदी होतो, पण शुद्ध असेपर्यंत झुंजत राहतो. वेदरटॉप टेकडीवर अंगठीच्या मागावर असलेले काळे स्वार चालून येतात तेव्हा चित्रपटात त्याच्या हातून तलवार गळून पडते. पुस्तकात तो एल्व्ह लोकांना पूज्य असलेल्या एल्बरेथचे नाव घेत शत्रूच्या पायावर वार करतो. हा बदल निव्वळ वेळ वाचवण्यासाठी झाला असेल, की जखमेकडे पाहण्याची दृष्टीच दोन्हीकडे निराळी आहे?

प्रतिसाद · जुनावाचक

माझ्या मते दृष्टीच निराळी आहे, आणि ती सर्वांत स्पष्ट दिसते ती वेदरटॉप ते एल्व्ह लोकांची वस्ती असलेले रिव्हेन्डेल या प्रवासात. पुस्तकात फ्रोडोला सुरा लागतो ६ ऑक्टोबरला आणि तो ब्रुइनेन नदीच्या उताराशी पोहोचतो २० ऑक्टोबरला. या चौदा दिवसांत जखम वरून मिटलेली असते, पण पात्याचा एक बारीक तुकडा आत राहून काळजाच्या दिशेने सरकत असतो, डावा हात थंड आणि निकामी होत जातो आणि आसपासचे जग त्याला धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागते. रिव्हेन्डेलचा स्वामी एलरॉन्ड याला तो तुकडा सापडतो २३ तारखेच्या रात्री. तो काळजापर्यंत पोहोचला असता तर फ्रोडो मेला नसता, त्या स्वारांसारखाच एक छाया होऊन शत्रूच्या ताब्यात गेला असता, असे जादूगार गँडाल्फ त्याला नंतर सांगतो. चित्रपटात हा सगळा प्रवास काही मिनिटांत उरकतो, त्यामुळे ती जखम विषबाधेसारखी वाटते.

त्याहून मोठा बदल नदीच्या उताराशी आहे. चित्रपटात एलरॉन्डची मुलगी आर्वेन त्याला घोड्यावर घेऊन येते, स्वारांना तीच आव्हान देते आणि पूरही तीच बोलावते. फ्रोडो तिच्यापुढे जवळजवळ बेशुद्ध असतो. पुस्तकात ग्लॉरफिंडेल या एल्व्ह योद्ध्याच्या घोड्यावर तो एकटाच नदी ओलांडतो, मागे वळतो, उरलेसुरले बळ एकवटून तलवार उचलतो आणि अंगठी किंवा मी, दोन्हीही तुम्हाला मिळणार नाही, असे नऊही स्वारांना बजावतो. तलवार त्याच्या हातातच मोडते आणि वाचा बसते. तो हरतोच, पण प्रतिकार करून हरतो. आर्वेनला कथेत जागा मिळाली याबद्दल माझी तक्रार नाही. ती जागा फ्रोडोच्या वाट्यातून काढली गेली, याचे मला अजूनही वाईट वाटते.

प्रतिसाद · पडदाप्रेमी

वरील मताशी मी अर्धाच सहमत आहे. मोरियाच्या खाणींतला बदल किरकोळ आहे: पुस्तकात भाला मारतो तो ऑर्कांचा (शत्रूच्या सैन्यातल्या राक्षसी जमातीचा) नायक, चित्रपटात गुहेतला ट्रोल, आणि दोन्हीकडे मिथ्रिल या हलक्या पण अभेद्य धातूचे चिलखत त्याला वाचवते. शेलॉब या महाकाय कोळिणीचा प्रसंग मात्र विचार करण्यासारखा आहे. पुस्तकात ती नांगी मारते तो क्षण आपल्याला दिसतच नाही, कारण त्या वेळी फ्रोडोचा सोबती सॅम अंगठीला हपापलेल्या गॉलमशी झुंजत असतो आणि आपण सॅमच्या नजरेने पाहत असतो. तो वळतो तेव्हा फ्रोडो जमिनीवर उताणा पडलेला असतो. चित्रपटात मात्र नांगी त्याच्या अंगात घुसताना आपल्या डोळ्यांसमोर दिसते, आणि त्याचे गोठत जाणारे डोळे व तोंडाला आलेला फेस पाहिल्यावर त्या विषाबद्दल वेगळे काही सांगावे लागत नाही. वाक्यांनी जे पंधरा दिवसांत सांगता येते ते कॅमेऱ्याला चेहऱ्यावरच दाखवावे लागते, आणि ते काम नटाने मनापासून केले आहे.

प्रतिसाद · रानवाट

चर्चा जखम होण्याच्या क्षणांभोवतीच फिरते आहे, म्हणून एक मुद्दा जोडते. पुस्तकातल्या जखमा युद्ध संपल्यावर खऱ्या अर्थाने उघड्या पडतात. परतीच्या वाटेवर, बरोबर वर्षाने, ६ ऑक्टोबरला त्याच नदीशी फ्रोडोचा खांदा पुन्हा ठणकू लागतो. सुरा, नांगी, दात (गॉलमने चावून तोडलेले बोट) आणि दीर्घकाळ वाहिलेले ओझे यांनी मी घायाळ झालो आहे, मला विसावा कोठे मिळेल, असे तो गँडाल्फला विचारतो, आणि गँडाल्फ उत्तर देत नाही. पुढच्या १३ मार्चला, म्हणजे शेलॉबच्या दंशाच्या तिथीला, तो गळ्यातला पांढरा मणी मुठीत घट्ट धरून अंथरुणावर पडलेला शेतकरी कॉटनला आढळतो. सॅम तेव्हा बाहेरगावी असतो आणि परतल्यावर फ्रोडो त्याला काहीच सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच, आणि त्यानंतरच्या मार्चमध्येही. शायरमध्ये, म्हणजे हॉबिटांच्या मायभूमीत, गुंडांशी लढाई होते तीत तो तलवार उपसत नाही, शरण आलेल्यांना मारू देत नाही, हेही मला याच दुखण्याचे अंग वाटते. टोलकीन स्वतः १९१६ साली सोमच्या लढाईत होते. परतलेल्या सैनिकाला घरी आल्यावर काय होते, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

चित्रपटाने शायरची लढाई गाळली आणि हे सगळे वार्षिक दुखणे एका छोट्या प्रसंगात आणले: फ्रोडो खांद्याला हात लावतो, सॅम विचारतो, आणि वेदरटॉपला चार वर्षे झाली तरी जखम पुरती भरलीच नाही, असे तो सांगतो. प्रसंग सुंदर आहे. पण त्यात तो सॅमला सांगतो, आणि पुस्तकात तो बहुतेक वेळा लपवतो.

सांजतारा

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून शेवटची प्रकरणे पुन्हा उघडली. शेवटच्या मार्चमधले ते दुखणे फ्रोडो मोठ्या प्रयासाने लपवतो, कारण त्याच महिन्यात, २५ तारखेला, सॅमला मुलगी होते. पहिल्या वाचनात ते वाक्य माझ्या नजरेतून पूर्ण निसटले होते.